धुण्याचं मशीन

नरहर घाट्यांनी जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम उपसून अंगणात तीन विटांवर मांडला आणि त्यात लाकडं पेटवली, तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त वांगी होती. भोपाळची थंडी आणि विस्तवावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत! ड्रमला आयतीच भोकं, त्यामुळे जाळही झकास धरत होता. प्रमिलाताई तो ड्रम कबाड्याला द्यायला निघाल्या होत्या. नरहररावांनी त्यांच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

पहिलं वांगं ठेवणार, तोच फाटकात कॉलनीच्या समितीचे सचिव सक्सेनाजी उभे. हातात नोटीस.

"घाटेजी, कॉलनी में आग जलाना मना है. हटाइए इसे."

नरहररावांचं माथं भडकलं. अंगण आपलं, मशीन आपलं, आणि हटवा म्हणे! रागात त्यांचं हिंदी हमखास नागपूरच्या रस्त्याला लागायचं. धुण्याचं मशीन म्हणायला गेले आणि गरजले, "ये हमारी धुनी की है! बाईस साल से चल रही है. बीवी ने एक दिन बंद नहीं रखी. देखता हूँ कौन हटाता है!"

सक्सेनाजींच्या कानांनी त्यातली धूनी तेवढी पकडली. साधूंचा अखंड विस्तव, तोही बावीस वर्षं! समोर आग, आगीपाशी निवृत्तीच्या निरोपसमारंभातली भगवी शाल पांघरलेले नरहरराव. सक्सेनाजींनी चपला काढल्या, नोटीस खिशात घातली आणि हात जोडून उलट पावली निघून गेले.

"बघितलंस? असं ठणकावावं लागतं," नरहरराव म्हणाले. तोवर विस्तव विझला होता, त्यामुळे वांगी दुसऱ्या दिवसावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सात-आठ बायका. दोघी ड्रमला प्रदक्षिणा घालत होत्या, एक पदरात राख बांधत होती.

"अहो, भांडी घासायला नेत असतील," प्रमिलाताई म्हणाल्या.

तेवढ्यात एकीनं राख कपाळाला लावली.

"अरे, ये वॉशिंग मशीन है!" नरहरराव ओरडले. "इसमें हमारे पायजामे धुलते थे!"

"कितने सरल हैं बाबूजी," ती बाई भारावून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली आणि लोकांनी ड्रममध्ये विस्तवही पुन्हा पेटवला. नरहररावांनी दोन भरदार वांगी घेऊन वाट काढली, तर सक्सेनाजी आडवे आले. "बाबूजी, धूनी में बैंगन?"

आता मात्र हद्द झाली. नोटिशीला भ्यायलो नाही, ते या हात जोडणाऱ्यांना भिऊ? "मेरी मशीन, मेरे बैंगन!" म्हणत त्यांनी दोन्ही वांगी सगळ्यांदेखत विस्तवात घातली. साली तडकल्या आणि खमंग वास सुटला. नरहररावांनी तिथेच बसून वांगी सोलली, कांदा, मिरची आणि मूठभर लसूण घालून कालवली. विटाळ म्हणा, नाहीतर पाप म्हणा, ते या वासानं नक्की होणार आणि माणसं घरी जाणार, अशी त्यांची खात्री होती.

"भोग लग गया," सक्सेनाजी डोळे मिटून पुटपुटले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. मागे रांग लागली. प्रमिलाताई बिचाऱ्या प्रत्येकाला चमचाभर वाढत राहिल्या. नरहररावांपर्यंत पातेलं आलं तेव्हा त्यात दोन देठं होती.

सक्सेनाजींनी बोटं चाटली. "बाबूजी, बस लहसुन थोड़ा कम. प्रसाद है ना."

"कम?" नरहरराव ताडकन उठले. "कल डबल डालूँगा! जिसको खाना है खाए!"

सक्सेनाजी कमरेत वाकले. "जैसी आपकी आज्ञा."

कारकुनीच्या चौतीस वर्षांत हे वाक्य नरहररावांनी हरेक साहेबाला ऐकवलं होतं. स्वतः आज पहिल्यांदाच ऐकलं. ते खाली बसले, शाल नीट केली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "प्रमिला, उद्या वांगी जरा जास्त आण."