शून्य पाहुण्यांचा चहा

ड्रमकिल गावच्या अट्रॅक्टाबाई गिलहूली दर सतरा मार्चला, संत पॅट्रिकच्या सणाला, आपल्या परसात सात माणसांना चहाला बोलावत. हा गुन्हा आहे हे त्यांना एकाहत्तराव्या वर्षापर्यंत कुणी सांगितले नव्हते.

बाई नेमाच्या. सकाळी जपमाळ, आणि संध्याकाळी सहाला चर्चची घंटा झाली की हातातले काम ठेवून प्रार्थना. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत त्या चहातली साखर सोडत. संत पॅट्रिकचा सण नेमका त्या उपवासातच येतो, आणि त्या एका दिवशी नेमाला सुटी असते. पण अट्रॅक्टाबाईंनी सुटीलाही नेम लावून घेतला होता. आधी पाहुण्यांना चहा विचारायचा, मग आपण घ्यायचा. निळ्या कपात, तीन चमचे साखर घालून, सहाच्या घंटेआधी. घंटा झाली की सुटी संपली. फेब्रुवारीपासून त्यांच्या जपात मेरीमाता आणि तो निळा कप आलटूनपालटून येत. मेरीमाता समजून घेत असावी.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात नगर परिषदेचे पत्र आले. पाचांहून अधिक माणसे, सणाचे निमित्त आणि डोक्यावर आकाश, ही तीन लक्षणे एकत्र आढळल्यास त्यास ‘उघड्यावरील आनंद’ समजण्यात येईल व त्यास परवाना लागेल. मागल्या वर्षी कुठल्याशा परसात एकाची उंच हिरवी टोपी वाऱ्याने उडून दुसऱ्याच्या चहात पडली होती. तेव्हापासून आनंदावर देखरेख ठेवण्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला होता. कक्षाचे प्रमुख ओवेन मॅकनिफ. कक्षातले बाकीचे कर्मचारीही तेच.

अट्रॅक्टाबाईंनी अर्ज केला. अर्जाचा चौथा रकाना पाहुण्यांच्या संमतीचा. तो घेऊन मॅकनिफसाहेब स्वतः सात घरे फिरले. पहिले दार शेजारच्या डिम्फना कीव्हनीचे. चाळीस वर्षे ती दर सणाला सफरचंदाचा टार्ट घेऊन कुंपणातल्या फटीतून अट्रॅक्टाबाईंच्या परसात येत आली होती.

“गिलहूलीबाईंकडे सतराला चहाला येणार का?”

“छे, मी कशाला? तिला उगाच त्रास,” डिम्फना म्हणाली. तिच्या मागे टेबलावर टार्टचे भांडे घासूनपुसून पालथे ठेवलेले होते.

साहेबांनी ‘नाही’पुढे खूण केली. पोस्टमन म्हणाला, तो आत्ताच जेवलाय. चहा बारा दिवसांनी होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या, माझं काय, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. सातही जण चांगल्या वळणाचे होते. सातही जण नको म्हणाले. पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारा माणूस ड्रमकिलमध्ये एकदाच झाला, आणि त्याला पुढे गाव सोडून जावे लागले.

परिषदेचे उत्तर आले: अपेक्षित पाहुणे, शून्य.

अट्रॅक्टाबाई डोक्याला रुमाल बांधून कार्यालयात गेल्या.

“अरे ओवेन, सगळे येणार आहेत.”

“कामाच्या वेळेत साहेब म्हणा, बाई. सगळे नको म्हणालेत. सह्या आहेत.”

“नको म्हणाले म्हणजेच येणार. दुसऱ्यांदाही नको म्हणतील. तिसऱ्यांदा म्हणायचं, ‘अगं ये गं, घोटभर घे,’ की येतात.”

“आणि ज्याला खरंच यायचं नसतं, तो काय म्हणतो?”

“तो म्हणतो, ‘हो हो, देवाच्या मनात असेल तर.’”

साहेबांनी हे लिहून घेतले नाही.

“तुझी आई माझ्याकडे तीस वर्षं नको नको म्हणत चहा प्यायली,” अट्रॅक्टाबाई म्हणाल्या. “तू तिच्या मांडीवर बसून केक नको म्हणायचास, आणि दोन तुकडे खायचास.”

मॅकनिफसाहेबांनी आवाज खाली आणला. “घरी मी अजूनही तसंच करतो. पण इथे पहिलं उत्तर ग्राह्य. दुसऱ्यांदा विचारलं की तो दबाव होतो. नियम सहा.”

तरीही परिषद निर्दय नव्हती. शून्य पाहुण्यांचा चहा नाकारण्याची नियमांत तरतूदच नसल्याने परवाना मिळाला. अटी किरकोळ होत्या. परसाभोवती दोर बांधावा. यादीतल्या पाहुण्यांखेरीज कुणालाही आत घेऊ नये, आणि यादी कोरी ठेवावी. सहज आलेल्यांनी दोराबाहेर, गल्लीत, दर्शक म्हणून उभे राहावे. उघड्यावरची किटली हा ‘उकळता धोका’ असल्याने चहा फक्त कक्षाच्या माणसाने ओतावा व विचारावा. यजमानांनी आनंदी दिसावे. टोपीला नाडी सक्तीची.

सतराला वारा होता आणि बारीक पाऊस होता. चारच्या सुमारास सातही जण कोटाला तीनपानी हिरवी डहाळी टाचून आले आणि दोराबाहेर ओळीने उभे राहिले.

“मी चहाला नाही आले हं,” डिम्फना म्हणाली. “हा टार्ट द्यायला आले.”

टार्टचे नाव यादीत नव्हते. तो तिच्या हातातच राहिला.

दोर बांधणे, गाठी तपासणे आणि टोप्यांच्या नाड्या मोजणे यात पावणेसहा वाजले. मग पिवळे जाकीट घातलेले मॅकनिफसाहेब किटली घेऊन दोराच्या कडेने निघाले. “चहा?” ते विचारत. “नको नको,” समोरचा म्हणे, आणि दुसऱ्या प्रश्नासाठी मान किंचित पुढे करी. साहेब खूण करून पुढे जात. पोस्टमन आत्ताच जेवला होता.

“हा परत विचारत नाही वाटतं,” ऑर्गनवाल्या बाई हळूच म्हणाल्या. “ह्याच्या आईनं पाहिलं असतं तर.”

शेवटी साहेबांनी निळा कप भरला. परवान्याच्या परिशिष्टानुसार तीन चमचे साखर घातली, ढवळली, आणि कप अट्रॅक्टाबाईंसमोर धरला. वाफ त्यांच्या नाकाशी आली. सत्तावीस दिवस झाले होते.

“गिलहूलीबाई, चहा?”

एकाहत्तर वर्षांचे वळण त्यांच्या तोंडून आपोआप बोलले. “अरे, राहू दे मला. तू घेतलास का?”

साहेबांनी खूण केली.

“ओवेन, मी ते सवयीनं म्हटलं.”

“सगळे सवयीनंच म्हणतात, बाई. म्हणून तर नोंद ठेवावी लागते.”

“मग पुन्हा एकदा विचार की.”

“फेरविचाराचा अर्ज करा. पंधरा दिवसांत निकाल.”

“पंधरा दिवसांनी माझा उपवास असेल.”

“आणि आत्ता हो म्हणालात, तर मघाचं नको खोटं ठरेल,” साहेब श्रद्धेने म्हणाले. “उपवासाच्या दिवसांत मी तुम्हाला खोटं बोलू देणार नाही.”

“अगं अट्रॅक्टा, हिसकावून घे,” दोरापलीकडून डिम्फना म्हणाली.

अट्रॅक्टाबाईंनी आयुष्यात काही हिसकावले नव्हते. त्यांनी ओवेनकडे पाहिले. दुपारपासून तो पावसात दोर बांधत होता. नाक लाल झाले होते, आणि त्याचीही नजर कपावरून हलत नव्हती.

“मग तूच घे, बाळा,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या. “किती वेळ उभा आहेस.”

“छे छे, मी आत्ताच पिऊन आलो,” मॅकनिफसाहेब म्हणाले, आणि कप आपल्याकडे थोडा वळवून दुसऱ्या आग्रहाची वाट पाहू लागले.

अट्रॅक्टाबाईंनी त्यांच्या बोटांतली पेन्सिल अलगद काढून घेतली, कागदाच्या तळाशी ‘ओवेन मॅकनिफ’ असे लिहिले, आणि ‘नाही’पुढे खूण केली.

“नियम सहा,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात घंटा झाली. नऊ जणांनी टोप्यांच्या नाड्या सोडल्या आणि माना खाली घातल्या. प्रार्थना संपली तेव्हा निळ्या कपावर साय धरली होती आणि सुटी संपली होती.

कक्षाचा अहवाल आठवड्याभरात आला. ‘कार्यक्रम शिस्तीत पार पडला. चहाची मागणी शून्य. सबब पुढील वर्षापासून चहा वगळून परवाना देण्यात यावा.’ सोबत उत्कृष्ट आनंदाचे प्रमाणपत्र होते. मागच्या दाराच्या फटीतून वारा येत असे, तिथे अट्रॅक्टाबाईंनी ते घडी करून खोचले.

ही पद्धत सगळीकडे लागू करावी की कसे, याबाबत आता सामान्य माणसाचे मत घेणे चालू आहे. कागद तुमच्याही दाराशी येईल. त्यावर एकच प्रश्न आहे: आपली काही हरकत? तुम्ही दार अर्धे उघडाल, ओशाळे हसाल आणि म्हणाल, “छे छे, आमची कसली हरकत.”

मॅकनिफसाहेब दुसऱ्यांदा विचारत नाहीत.