तापमानाच्या पट्टीवरील मोहीम

पुढे जे कोणी बातम्या ऐकतील आणि ऐकून कंटाळतील, त्यांस कळावे म्हणोन ही हकीकत जशी घडली तशी, पदरचे एकही विशेषण न घालता, लिहून ठेविली असे.

वृत्तवाहिनीच्या तिसऱ्या मजल्यावरील दरबारी वृत्तप्रमुख साहेब, ब्रेकिंगचे धनी, लाल पट्टीचे खावंद, काचेच्या खोलीत तख्तनशीन होते. त्यांच्या पदरी अकरा शब्दांची फौज होती, आणि संगणकात ऐसा बंदोबस्त होता की लाल पट्टीच्या पहिल्या चौकटीत त्या अकरांपैकी एक शब्द निवडल्याखेरीज कोणतीही बातमी पडद्यावर जाऊ नये. हाहाकार हा मूळचा खानदानी सरदार, महापूर पाहिलेला, त्यास हल्ली बटाट्याच्या भावावर धाडीत. थरार यास गच्चीवर अडकलेल्या मांजराच्या कामगिरीवर नेमिले होते. आणि खळबळ बिचारी दिवसातून चौदा वेळा माजून इतकी दमली होती, की ती माजली तरी रयतेच्या हातचा चहाचा कप हालत नसे.

याच दरबारी, जिन्याजवळच्या टेबलावर, एक बाई होती. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील करड्या पट्टीवर तिचा अंमल होता. कमाल, किमान, आर्द्रता, एवढाच तिचा मुलूख. शास्त्राची पदवी असल्याने हे काम तिजकडे आले आणि सारे तिला हवामानबाई म्हणत. त्या पट्टीस शब्दांची चौकट नव्हती, आणि तिजवर कोणाची नजरही नव्हती.

एके बुधवारी दुपारी दोन वाजता प्रयोगशाळेचा खलिता आला, की शहराच्या पूर्वेच्या टाकीत जंतू सापडले, चार वाजता नळास पाणी सुटेल, ते उकळूनच प्यावे. हवामानबाईने प्रयोगशाळेस दोनदा फोन करून खातरजमा केली आणि मग कागद घेऊन ती काचेच्या खोलीत गेली. साहेबांचे डोळे लकाकले आणि फर्मान सुटले, की पाण्यात मृत्यू लपला आहे असे आत्ता सांगावे, कोठल्या पाण्यात ते आठ वाजता सांगावे, आणि तोवर टाकीचे नाव कोणी काढू नये. बाईने अर्ज केला की मृत्यू कोणाचा जाहला नाही, पोटे मात्र बिघडतील, आणि लोक पाणी चारलाच पितील. त्यावर साहेब इतकेच म्हणाले, “बाई, तुम्ही ढग बघा.”

मग लाल पट्टी चढली, आणि नगारे वाजले, आणि दोन निवेदक एकाच वेळी ओरडू लागले, आणि रयत स्वस्थ बसून राहिली.

बाईची आई पूर्वेसच राहत होती, आणि तिच्यापाशी बाईच्या धाकट्या बहिणीचे आठ महिन्यांचे बाळ होते. बहीण कामावर, तिचा फोन बंद. म्हणोन बाईने आईस फोन केला.

“आई, आज नळाचं पाणी उकळल्याशिवाय वापरू नकोस. बाळाला तर अजिबात नको.”

“झालं, तूही लागलीस त्यांच्या नादी. परवा उशीत मरण होतं, काल भाजीत विष होतं. आम्ही आहोत अजून.”

“अगं, हे खरं आहे.”

“तेही असंच म्हणतात,” आई म्हणाली, आणि गॅसवर दूध आहे असे सांगून तिने फोन ठेविला.

परंतु आईची एक सवय बाईस ठाऊक होती. ती टीव्हीचा आवाज बंद ठेवी आणि दुपारी उठून फक्त करडी पट्टी पाही, दोरीवरचे कपडे काढावे की राहू द्यावे एवढ्यापुरती. कारण त्या पट्टीने तिला नऊ वर्षांत फसविले नव्हते.

मग मसलत बसली, आणि मसलतीस बाई एकटीच होती. पट्टीत जागा तोकडी. कमाल काढिता येईना, किमान काढिल्यास संशय येता, म्हणोन आर्द्रतेस रणांगणी सोडणे प्राप्त जाहले. इतक्या वर्षांत एकही आकडा न गाळलेल्या बाईचा हात क्षणभर थांबला. मग तिने आर्द्रता पुसली आणि लिहिले: कमाल ३३, किमान २१, पूर्वेचे पाणी उकळून प्या. तीन वाजून सहा मिनिटांनी पट्टी सुटली.

साडेतीनास काचेच्या खोलीत फोन वाजला. साहेबांच्या घरून होता. साहेब ऐकत गेले, चेहरा उतरत गेला, आणि बाहेर येऊन त्यांनी शिपायास हुकूम केला, की घरून उकळलेल्या पाण्याची बाटली येईल, ती थेट आपल्याकडे आणावी. “तापमानात आलंय म्हणे,” ते म्हणाले. कोणी लिहिले ते विचारिले नाही, कारण आपला पडदा त्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आठचा मृत्यू मात्र कायम ठेविला.

चार वाजून वीस मिनिटांनी आईचा फोन आला.

“अगं, ऐक. तापमानाच्या पट्टीत आलंय, पाणी उकळून प्या म्हणून. मी मोठं पातेलं चढवलंय, शेजारीही सांगून आले. हे खरं दिसतंय.”

“बरं,” बाई म्हणाली.

“बरं काय बरं. ऑफिसातलं पाणी पिऊ नकोस. तिथल्या लोकांना काही कळत नाही.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पूर्वेच्या घरोघरी पातेली चढली, बाळ खुशाल राहिले, आणि आठ वाजता मृत्यू गाजत प्रकट जाहला तेव्हा रयत निवविलेले पाणी पीत बसली होती. आपल्याकडील हानी एक. ते दिवशी आर्द्रता अडुसष्ट टक्के होती. ती पट्टीत द्यावयाची राहून गेली, सबब येथे दाखल केली असे.