गालात मावणारा कॅमेरा

एका जंगलात एक माकड राहत असे आणि त्याचा फोटोचा धंदा होता. मुलांनो, 'माकडाच्या हाती कोलीत' ही म्हण त्या जंगलात नव्हती, कारण म्हणी करायचे काम माकडांकडेच होते.

माकडाचे नाव टोपाजी. त्याचा कॅमेरा डिजिटल होता आणि साबणाच्या वडीएवढा लहान होता. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून टोपाजी तो गालात ठेवी. माकडाच्या गालात खाऊ साठवायला पिशवी असते, हे तुम्हाला शाळेत शिकवलेच असेल. शिकवले नसेल तर घरी सांगू नका, आईबाबा शाळा बदलतील.

त्या जंगलात लग्ने फोटोवर जमत. मध्यस्थ होता कावळा. मुलीचा फोटो चोचीत धरून तो नदीपलीकडे जाई आणि मुलाचा घेऊन परत येई. पसंती आली की थेट मांडव. आधी मुलगी बघायला जायची पद्धत होती, पण पाहुण्यांनी यजमानांनाच खाल्ल्यामुळे ती बंद पडली.

टोपाजीच्या फोटोत सगळे छान दिसत. तरसाची पाठ सरळ दिसे. घोरपड नाजूक दिसे. सगळ्यांभोवती पहाटेच्या धुक्यासारखे काहीतरी पसरलेले असे. जंगल म्हणे, टोपाजीच्या हातात कला आहे. टोपाजीचेही तेच मत होते.

एके दिवशी कोल्ह्याच्या दुकानात नवे मॉडेल आले.

"टोपाजीराव, तुमच्या जुन्यात आता काय राहिलंय?" कोल्हा म्हणाला. "हा बघा. त्याच कंपनीचा, तेवढाच लहान, पण नवा. पडदा मोठा. यात मुंगीच्या मिशा मोजता येतात."

"मुंगीच्या मिशा मोजून काय करायचं?"

"ते घेतल्यावर सुचतं. जुना ठेवा, नवा न्या."

वर कोल्ह्याने गळ्यात अडकवायची पट्टी आणि काच पुसायचा मऊ फडका फुकट दिला. फुकट म्हटल्यावर टोपाजी नाही कसा म्हणेल? त्याने कॅमेरा ऐटीत गळ्यात अडकवला आणि येता-जाता काच पुसू लागला.

नव्या कॅमेऱ्याचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे कोंडाजी रानडुकराची मुलगी बकुळा. नदीपलीकडच्या सर्जेराव रानडुकराचे स्थळ आले होते. त्याचा फोटो टोपाजीनेच जुन्या कॅमेऱ्याने काढलेला. बकुळाने तो करवंदीच्या जाळीत लपवून ठेवला होता आणि दिवसातून चारदा ती करवंदे खायला म्हणून तिकडे जाई. तेव्हा करवंदांचा हंगाम नव्हता.

बकुळाचा फोटो आला. त्यात तिचा केस न् केस उभा होता. नाकावरचा चिखल दिसत होता, चिखलावरची माशी दिसत होती आणि माशीच्या कपाळावरच्या आठ्याही दिसत होत्या.

कावळा रिकाम्या चोचीने परत आला. "मुलगी करारी वाटते, असं म्हणाले," त्याने सांगितले. मुलांनो, मुलगी करारी वाटते म्हणजे नकार.

त्या दिवशी बकुळाने रताळ्याला तोंड लावले नाही. रानडुकराच्या घरात रताळे उरणे ही साधी गोष्ट नव्हे. पोरीला फार वाईट वाटले होते. पुढे तरसाचे मोडले, घोरपडीचे मोडले. मांडव घालणारे सुतार पक्षी बसून राहिले.

टोपाजी धावत दुकानात गेला. "माझा जुना परत द्या."

"तो कधीच विकला."

"मग या नव्यात ते धुकं कुठल्या बटणानं येतं?"

"धुकं? कंपनीनं वर्षानुवर्षे खपून ते घालवलंय. पुढच्या मॉडेलात परत आणणार आहेत म्हणतात. पण ते महाग पडेल."

टोपाजी दुकानाबाहेर पडतो तोच समोरून कोंडाजी सुळे रोखून आला. "माझ्या पोरीचा काय फोटो काढलास रे तू?"

टोपाजीने झाड गाठले. पट्टी कोंडाजीच्या सुळ्यात अडकून तुटली, फडका चिखलात पडला. कॅमेरा गालात कोंबून टोपाजी शेंड्याला गेला. कोंडाजी खाली मुळे उकरू लागला.

तेवढ्यात बकुळा आली. "आबा, राहू द्या. फोटोत मीच होते."

कोंडाजी थांबला.

बकुळाने वर पाहिले. "काका, अजून एक काढा. जरा लांबून काढा. कावळा परत रिकामा यायला नको."

टोपाजीला भरून आले. त्याने गालातून कॅमेरा काढला. काच थुंकीने बरबटली होती आणि फडका खाली चिखलात होता. त्याने तसेच बटण दाबले.

फोटोत धुक्यातून एक गोड मुलगी लाजून वर बघत होती. कोंडाजी कितीतरी वेळ बघत राहिला. "ही खरी माझी बकुळा," तो डोळे पुसत म्हणाला. "नव्या मॉडेलची गोष्टच वेगळी."

कावळा गेला आणि होकार घेऊन आला.

लग्नात अंतरपाट दूर झाला. सर्जेरावाने पाहिले, बकुळाचे केस ताठ होते. बकुळाने पाहिले, सर्जेरावाचा एक सुळा तुटका होता आणि कान फाटका होता. दोघेही मनातून दचकले. बकुळाला वाटले, आपण याला फसवले. सर्जेरावाला वाटले, आपण हिला फसवले. दोघांनीही ते कुणाला सांगितले नाही. आपले पितळ उघडे पडू नये म्हणून दोघे जन्मभर एकमेकांशी फार गोड वागले. त्या जंगलात तेवढा सुखाचा संसार दुसरा झाला नाही.

टोपाजी अजूनही नवा कॅमेरा गालातच ठेवतो.

तात्पर्य : नवे मॉडेल जरूर घ्यावे, पण सोबत मिळालेला फुकटचा फडका दुकानातच विसरून यावा.