धोंडोपंतांचं रिकामं घर

एका जंगलात भागलं असतं, बाळांनो, पण या गोष्टीला दोन जंगलं लागतात. नदीच्या अलीकडे माकडांचं, पलीकडे मुंग्यांचं.

कोण कुठे राहतं याच्या माकडांच्या नोंदी झाडाला टांगलेल्या असत. पानाच्या मोठ्या पुडीत लहान पुडी, तिच्यात आणखी लहान. मुंग्यांच्या नोंदी मात्र रांगेत. एका रकान्यात एकच गोष्ट, आणि कशाच्या पोटात काही नाही.

धोंडोपंत कासवांचं अलीकडचं तळं आटलं. पलीकडे पाणी होतं. पण जायचं तर माकडांकडची आपली पुडी मुंग्यांच्या रांगेत उतरवून घ्यावी लागे. ते काम रंगराव सरड्याकडे होतं. त्याला दोन्हीकडची भाषा येई, आणि त्याचा तोराही दोन्हीकडे चाले.

रंगरावाने पुडी सोडली. "कासव कुठे आहे?"

"घरात," धोंडोपंत म्हणाले.

"घर कुठे आहे?"

"कासवाच्या पाठीवर."

"आणि कासव?"

"घरात."

रंगराव लिहू लागला. कासव, घर, कासव, घर. तिसऱ्या दिवशी लिहायला वडाला पान उरलं नाही. धोंडोपंतांच्या घशाला कोरड पडली.

"अहो, मी आणि घर एकच आहोत. एकत्रच लिहा की."

"एका रकान्यात दोघं? माझी नोकरी जाईल." रंगरावाने डोकं खाजवलं आणि दोन ओळी खरडल्या. 'घर : एक, रिकामं. कासव : एक, बेघर.'

"हे खोटं आहे हो."

"असेल. पण बसतंय ना?"

तहानेपुढे धोंडोपंतांचं काय चालणार? त्यांनी अंगठा उठवला.

पलीकडचं पाणी पोटात गेलं तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. इतक्यात एक बेडकीण पाच पोरं घेऊन आली. तिच्या हातात मुकादम मुंगीचा हुकूम होता.

"रिकामं घर आम्हाला मिळालंय. जरा बाहेर येता का, काका?"

धोंडोपंत तसेच मुकादम मुंगीकडे गेले. "बाई, ते माझ्या अंगाला चिकटलंय."

तिने यादी पाहिली. "चिकटलेलं असा रकाना नाही. पण बेघरांत तुमचं नाव आहे. घर निघालं की कळवू."

धोंडोपंतांना रडूच कोसळलं. शेवटी बेडकीणच कनवाळू निघाली. "राहा हो काका आमच्यात. आत येताना तेवढं विचारत जा. पोरं झोपलेली असतात."

तेव्हापासून समोर कोल्हा आला तरी कासव डोकं आत घेण्याआधी जरा घुटमळतं. लोक म्हणतात, स्वभावच संथ. संथ कसला, बाळांनो? ते विचारत असतं.

तात्पर्य : यादी आणि कासव जुळेनात, तर चूक कासवाची समजावी. यादी दुरुस्त करायला फार वर्षं लागतात, आणि कासवाला कुठे घाई असते?