अक्षरं तेवढी बघा

बसवंत आप्पांना एखादं पुस्तक कसं आहे म्हणून विचारलं, तर ते वजन सांगतात.

"चारशे केबी. हलकं हाय. दुपारच्या चहाच्या आत व्हतंय." किंवा, "ह्ये दोन एमबीचं हाय टीचर, ह्येला पोटभर जेवून बसाय लागतंय." लेखक कोण, गोष्ट कसली, हे आपण खोदून विचारलं तरच. एकदा मी त्यांना कवितांचं पुस्तक घालून दिलं, तर दोन दिवस माझ्याशी फुगून होते. "साठ केबी," म्हणाले, "ह्यात काय माल असणार?" तिसऱ्या दिवशी येऊन कबूल केलं, "वजनात कमी हाय, पर वीण घट्ट हाय."

टीचर म्हणजे मी. मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे वडगावच्या आमच्या गल्लीत लहानमोठे सगळे मला टीचरच म्हणतात. आप्पांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. ते चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. एवढी वर्षं त्या खटखटीत डोकं घालून बसल्यावर कानांचं जे व्हायचं तेच झालं. आप्पांना ऐकू येत नाही, आणि आपल्याला येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार अशी त्यांची पक्की समजूत आहे. सकाळी ते "मीठ संपलं" असं स्वतःशी पुटपुटतात आणि चार घरांतून मीठ येतं. कानाचं मशीन आहे, पण ते कपाटात. "त्ये घातलं की समदं वडगाव कानात शिरतंय," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकतं असंही नाही.

माग बिघडला की आप्पा त्यावर तळहात ठेवायचे. कुठे धडधडतंय, कुठे तापलंय, हे हाताला कळायचं. ती सवय अजून आहे. फ्रिज असो, स्कूटर असो, "बघू, हात लावून बघू." माझ्या पुतणीला ताप आला होता तेव्हा तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले होते, "बेअरिंग गरम हाय." आणि डॉक्टरकडे तेच घेऊन गेले.

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "व्हय व्हय, बरं बरं". जे ऐकू आलं नाही त्याला हे उत्तर. माझे चुलत सासरे वारले ते मी सांगितलं, तर आप्पा हसून म्हणाले, "व्हय व्हय, बरं बरं. जेवणाला येतो की." आणि आले. तेही मी हसण्यावारी नेलं. पण याच शब्दांवर त्यांच्या लेकीचं लग्न अडकून बसलं होतं, आणि ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

लेक म्हणजे मंगल. पुण्याला नोकरी करते. दर रविवारी सकाळी फोन. तिची आई, शांताकाकू, होत्या तोवर सगळं सुरळीत होतं. मागाच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, त्यामुळे तिथं काम केलेल्या बायकांना नुसते ओठ हलवून बोलायची सवय असते. काकू फोनवर लेकीचं ऐकायच्या आणि समोर बसलेल्या आप्पांना ओठांनी सांगायच्या. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून तो बटणांचा फोन थेट आप्पांच्या कानाला, आणि मंगल काहीही बोलो, आप्पा खुशीत, "व्हय व्हय, बरं बरं."

गेल्या दिवाळीला मंगल आली तेव्हा बिंग फुटलं. आप्पांनी दसऱ्याला तिला खव्याचा कुंदा पाठवला होता, तो तिच्या जुन्या घरी. तिनं घर बदलून वर्ष झालं होतं. तसं तिनं फोनवर सांगितलंही होतं. डेंग्यू झाला, एक नोकरी सोडली, दुसरी धरली, हे सगळं सांगितलं होतं. आप्पांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. भिंतीतून मला त्या भांडणाची फक्त आप्पांची बाजू ऐकू आली. ती अशी होती: "आँ? ... आँ? ... कवा?"

संध्याकाळी मंगल माझ्याकडे येऊन बसली. चहा तसाच ठेवून म्हणाली, "टीचर, मी गुढीपाडव्याला त्यांना एक मोठी गोष्ट सांगितली होती. मला मिलिंदशी लग्न करायचंय. आमच्या ऑफिसातच आहे. निपाणीचा, बौद्ध. जातीबाहेरचं आहे म्हणून मी महिनाभर धीर गोळा करून बोलले. तर आप्पा म्हणाले, व्हय व्हय, बरं बरं, पाऊस हाय का तिकडं. आता ह्याला होकार धरायचा का?"

मी म्हटलं, आता आलीच आहेस तर समोर बसून सांग.

"हे ओरडून कसं सांगू? गल्लीला आधी कळेल, आप्पांना नंतर."

तेही खरंच. जाताना तिनं आप्पांना एक ई-रीडर दिला. टीव्ही ऐकू येत नाही, वर्तमानपत्राचं अक्षर डोळ्यांना पुरत नाही, यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणून. आप्पांनी त्याचं नाव ठेवलं पाटी. अक्षर त्यांनी एवढं मोठं केलं की एका पानावर दहा-बारा शब्द मावतात. मंगलनं घालून दिलेली पाच पुस्तकं महिन्याभरात उडाली आणि एका रविवारी आप्पा पाटी आणि वायर घेऊन माझ्या दारात. "टीचर, माल संपला."

मला तरी कुठं काय येत होतं? शाळेचे निकाल भरण्यापलीकडे मी कॉम्प्युटरच्या वाटेला जात नाही. वायर जोडली. पाटीवर दिवा लागला. कॉम्प्युटरवर काहीच दिसेना. मी बंद केलं, चालू केलं, दुसऱ्या भोकात घातलं. आप्पांनी एक तळहात कॉम्प्युटरवर ठेवला, एक पाटीवर, आणि डोळे मिटून बसले.

"करंट जातोय," ते म्हणाले. "माल जात न्हाय. वायरच खोटी हाय."

मी म्हटलं, वायरीला काय खोटं आणि खरं. पण त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे नेहमीप्रमाणेच. आम्ही स्कूटरवरून बाजारात गेलो. दुकानदार कानडी. आप्पांनी वायर त्याच्या नाकासमोर धरून सगळ्या बाजाराला सांगितलं, "ह्ये दाढीच्या मशीनचं! माल जानारी वायर बेकु!" बेकु म्हणजे पाहिजे, एवढं कानडी त्यांना येतं. तो पोरगेला दुकानदार हसला आणि त्यानं दुसरी वायर काढून दिली. काही वायरींतून नुसती वीज जाते, पुस्तकं जाण्यासाठी वेगळी लागते, असं तो म्हणाला. बी.एड. झालेल्या मला हे माहीत नव्हतं, आणि चौथी शिकलेल्या माणसानं हात लावून ओळखलं. 

मग दर रविवारी आमचा कारखाना सुरू झाला. मी पुस्तक शोधायचं, पाटीत टाकायचं, आप्पांनी वजन विचारायचं. काम झालं की कॉम्प्युटर 'आता काढू शकता' असं सांगतो, ते येईपर्यंत आप्पा वायरीला हात लावू देत नसत. "चालू मागात हात घालून एक नख गेलंय माझं," असं म्हणून बोट दाखवायचे. सुरुवातीला एकदा एक पुस्तक उघडलं तर पानभर नुसते चौकोन. मी हादरले. आप्पा शांतपणे पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "डिझाइन चांगलं हाय, साडीच्या काठाला चालंल." तेव्हापासून पुस्तक घातलं की आधी उघडून बघायचं, अक्षरं नीट आलीत ना, असा नियम झाला.

जानेवारीत मंगलचा मेल आला. सोबत एक फाइल, नाव 'रविवार'. तिनं लिहिलं होतं, 'टीचर, काकू गेल्यासारखी आई गेल्यापासून मी फोनवर जे जे बोलले ते आठवून लिहिलंय. आप्पांच्या पाटीत घाला. शेवटच्या पानावर मिलिंदचं विचारलंय. पुढच्या महिन्यात त्याच्या घरची माणसं बोलायला बसणार आहेत. आप्पा नको म्हणाले तर मी काय करीन ते मला माहीत नाही. पण ऐकून म्हणू देत.'

तिचं पहिलं वाक्य चुकलं होतं. तुमची काकू, आमची आई, असं काहीतरी तिला लिहायचं असणार. मी शाळामास्तरीण, मला ते आधी दिसलं. मग बाकीचं दिसलं.

मी आप्पांना कागदावर लिहून दाखवलं: मंगलनं पाठवलंय, नीट वाचा, शेवटी तिनं काहीतरी विचारलंय. आप्पांनी पाटी पुढं केली. "किती हाय?"

मी बोटांनी दाखवलं, नव्वद.

"लेकीचं हाय न्हवं," ते म्हणाले. "वाचू की."

पहिल्या दिवशी भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीठ संपलं नाही, दूध उतू गेलं नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी मी भाजी द्यायच्या निमित्तानं गेले, तर आप्पा पाटी गुडघ्यावर घेऊन एका बोटानं काहीतरी टोचत होते. मला बघून पाटी उलटी केली. मला झोप लागेना. माणूस भला आहे, पण भल्या माणसांनीही पोरींना घराबाहेर काढलेलं मी या गल्लीत पाहिलंय. आठवा दिवस रविवार होता. सकाळी आप्पा वायर घेऊन हजर.

"टीचर, आज उलटा माल. हिकडनं तिकडं पाठवायचं हाय."

मला कळेना. त्यांनी पाटीवर दाखवलं. पुस्तकातल्या ओळीवर बोट दाबून धरलं की तिथं आपली टीप लिहिता येते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, हात लावून सापडलं होतं. मी वायर जोडली, शोधलं, तर सगळ्या टिपांची एक फाइल पाटीत खरंच होती.

"अक्षरं आलीत का बघा," आप्पा म्हणाले. "अक्षरं तेवढी बघा. वाचू नका."

आता तुम्हीच सांगा, पंचवीस वर्षं वह्या तपासणारी बाई अक्षरं बघणार आणि वाचणार नाही, हे कसं जमावं? मंगलची एकेक ओळ होती आणि तिच्याखाली आप्पांची. पाटीत हिंदीचा कीबोर्ड होता, त्यात त्यांना ळ सापडला नव्हता. सगळीकडे ल.

'आप्पा, आज अंगात ताप आहे, ऑफिसला गेले नाही.' ही चार वर्षांपूर्वीची ओळ. खाली: 'आता कसा हाय.'

'घर बदललं, तिसऱ्या मजल्यावर आहे.' खाली: 'पानी चढतंय का. मग कुंदा कुनी खाल्ला.'

'साहेब सारखा ओरडायचा, म्हणून नोकरी सोडली.' खाली: 'बेस केलंस. वरडनाऱ्याजवल ऱ्हाऊ नगं.'

'आज आईची फार आठवण येतेय.' खाली: 'मला बी.'

मी घाईघाईनं खाली गेले. 'मिलिंद बौद्ध आहे. आपल्यातले लोक बोलतील. तुम्हाला चालेल का, आप्पा?' त्याच्याखाली आप्पांनी लिहिलं होतं, 'लोकांचं मला तसं बी ऐकू येत न्हाय. त्याला घिऊन ये. माज्यासमोर बसून बोल म्हनावं. व्हय. वाचून म्हनतोय.'

मला वाटलं संपलं. पण आणखी एक टीप होती, पहिल्या पानावर, 'रविवार' या नावाखाली. सगळ्यात शेवटी, त्याच सकाळी लिहिलेली.

'फोनवर काय काय म्हनून इचारलं की तू दमायचीस आनि लगीच ठेवायचीस. व्हय व्हय म्हनलं की बोलत ऱ्हायाचीस. मला कलत न्हवतं. फोन कानाला गरम लागायचा तेवडं कलायचं. म्हनून म्हनत हुतो.'

मी पडद्याकडे बघत बसले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचलं नाही. आप्पा वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ळ न्हाय घावला त्या पाटीत, टीचर," ते म्हणाले. "लई हुडकला. त्येला रडाय काय झालं? लेकीला कळतंय. पाठवा तुमी."

मी पाठवलं.