आप्पांचा पलंग आणि हरवलेलं दार

माप घ्यावं तर मेघनानं! दहा बाय बाराची खोली तिनं तीनदा मोजली होती. मोरी, कपाट, देव्हारा, सगळं वहीत. एकावर एक झोपायच्या दोन फळ्या, सकाळी उचलून भिंतीला लावायच्या. वरच्या फळीला चौदा इंची कठडा, कारण सहा वर्षांची चैत्राली झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरते. कोपऱ्यांना स्पंज. खालची फळी आप्पांची.

सगळा खटाटोप आप्पांसाठीच होता. सासरे वर्षानुवर्षं बाहेर गॅलरीत झोपायचे. ते खोकले की आत मेघनाचे डोळे उघडायचे. आणि परवा ते म्हणाले, "पोर मोठी झाली. जागा नाय. मी गावाक जातंय." मुलाला, सुशांतला, शनिवारचं तिकीटसुद्धा काढायला लावलं! चैत्राली त्यांच्या गिरणीच्या गोष्टीशिवाय घास गिळत नाही. मेघना ऑफिसात असताना तिच्याकडे बघणारे तेच. आणि खरं सांगायचं तर, तो खोकला ऐकू आला नाही तर मेघनालाच झोप लागली नसती.

म्हणून गुरुवारी आप्पा गाववाल्यांकडे गेले रे गेले, की गुणाजी सुतार हजर!

"वहिनी, नशीबवान आहात," भिंतीवर टकटक करत तो म्हणाला. "ह्या भागाला आतून सागवान लावलंय. स्क्रू काय मस्त बसतील!"

"जुन्या चाळी अशाच मजबूत असायच्या," मेघना ऐटीत म्हणाली. जणू चाळ तिनंच बांधली होती!

तिथे खुंट्यांना कॅलेंडर होतं, आप्पांचे दोन सदरे होते, दप्तर होतं, छत्री होती. मेघनानं सगळं उतरवलं. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या खुंट्या ती बघत होती. गुणाजीनं चार-चार इंची स्क्रू आवळले, पलंगाची चौकट खाली लादीत आणि वर तुळईत ठोकली. पाच वाजता फळ्या खटाखट उघडल्या, खटाखट मिटल्या. शेजारच्या मीराकाकू बघायला आल्या आणि बसून राहिल्या.

इतक्यात चैत्राली गॅलरीतून ओरडली, "आई, आप्पा आले! जिना चढतायत!"

"सगळे गप्प! दार लावा, उघडल्यावर एकदम दाखवू!" मेघना धावली. हात लांब केला. हातात हवा आली.

"दार कुठाय?"

उंबरठा होता, चौकट होती, बिजागऱ्या होत्या. मीराकाकूंनी बाहेर डोकावून पाहिलं, जणू दार पान खायला खाली गेलंय! मेघनाची नजर बिजागरीवरून सरकत सरकत सागवानी भिंतीवर गेली. छत्री जिला लटकायची, ती खुंटी नव्हती. कडी होती! उंबरठ्याशी आप्पा झोपायचे, म्हणून भिंतीला टेकलेलं ते दार तिच्या लग्नापासून कुणी लावलंच नव्हतं.

"गुणाजी! तुम्ही पलंग दाराला ठोकलात!"

"वहिनी, माप तुम्ही दिलंत!"

"स्क्रू काढा!"

"ते पलंगाच्या चौकटीआड गेले. काढायचं तर सगळं फोडावं लागेल."

तेवढ्यात आप्पा दारात. म्हणजे, दार नसलेल्या दारात. मेघनाला रडूच फुटलं. "आप्पा, तुम्ही जाऊ नये म्हणून केलं हो! आणि बघा काय करून बसले!"

आप्पांनी पलंग पाहिला, कडी पाहिली, आणि पोट धरून हसत सुटले. मग हळूच लाकडावर हात फिरवला.

"ह्या खोलयेत आम्ही बारा जणां रवत होतंव. गिरणीत तीन पाळ्ये. एक उठलो की दुसरो त्याच ऊन पथारीर आडवो. दार लावूक फुरसत कोणाक? कडी घातलेली मी एकदाच बघितलंय. संप झालो, सगळे गावाक निघाले, त्या दिसा. त्यातले चार परत इलेच नाय."

गुणाजीनं पटाशी पिशवीत ठेवली.

"आता ह्या दार लागणा नाय," आप्पा म्हणाले. "म्हणजे राखणीक कोण तरी व्हयो ना? सुशांताक सांग, तिकीट रद्द कर."

मेघनानं डोळे पुसले आणि लगबगीनं खालच्या फळीवर नवी चादर घातली.

"तिकडे नको गो," पथारी उचलत आप्पा म्हणाले. "राखण काय पलंगार निजान करतत?"

तर आप्पा आहेत. गॅलरीत, उंबरठ्याला डोकं लावून, होते तिथेच. वर, चौदा इंची कठड्याच्या आत, चैत्राली गोल फिरते. आणि खाली, स्पंज लावलेल्या कोपऱ्यांमध्ये, नव्या चादरीवर आप्पांची ट्रंक झोपते. अगदी ऐसपैस!