आहेर काकांचा मुराळी

टाकी भरून वाहत असतानासुद्धा माणसाचं मराठी सुधारता येतं, हे मी आमच्या शेजारच्या आहेर काकांकडून शिकले. प्लंबर गच्चीवरून ओरडत होता, "काका, कॉक बंद होत नाय, मोटर बंद करा!" काका खालून म्हणाले, "'नाय' नव्हे, 'नाही'! नीट बोला!" तो बिचारा नीट बोलेपर्यंत पाणी जिन्यातून दुसऱ्या मजल्यावर उतरलं होतं. भाजीवाल्या ताईंनाही तोच जाच. "लय ताजी हाय" म्हटलं की काका पिशवी मागे घेणार, "फार ताजी आहे" म्हटलं की मेथीची एक जुडी जास्त घेणार.

तुम्हाला वाटेल, गृहस्थ पुण्याचे असतील. छे! काका देवळ्याकडचे. अहिराणीत वाढलेले. नोकरीला नाशकात आले, पहिल्याच दिवशी कचेरीत कुणीतरी हसलं, आणि त्यांनी ती बोली गिळली ती कायमची. एकदा मात्र लिफ्टच्या दारात बोट सापडलं आणि "ओ माय वं!" अशी आरोळी उठली. लगेच चेहरा सावरून म्हणाले, "मी 'अगं आई' म्हणालो." बोट काळंनिळं झालेलं, म्हणून आम्हीही हो म्हटलं.

काकू गेल्यापासून काका एकटेच असतात. आपलं असं माणूस एकच, बागलाणात दिलेली थोरली बहीण, आक्का. त्यांच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. भावानं मुराळी होऊन तिला आणायला जायचं, ही रीत. गावचं घर बंद झाल्यापासून आक्काचं माहेर म्हणजे काकांचा फ्लॅट.

गेल्या आखाजीला आक्का गॅलरीतून खाली ओरडली होती, "भाऊ, चहा थंडा व्हयी ऱ्हायना!" सोसायटीतली पोरं आठवडाभर तेच ओरडत फिरली. काका आठवडाभर खाली उतरले नाहीत.

म्हणून या आखाजीला, सगळ्यांदेखत तिच्याबरोबर गाडीतून उतरायला नको, असं ठरवून काकांनी स्वतः न जाता भाड्याची गाडी धाडली. दुपारी गाडी परत आली तेव्हा मी फाटकाशीच होते. मागच्या सीटवर आक्का नव्हती, सांजोऱ्यांचा डबा होता. ड्रायव्हर सटाण्याकडचा, त्यानं निरोप जसाच्या तसा दिला, "आक्का म्हणे, गाडी धाडाले मी काय पारसल शे का? भाऊले मनी लाज वाटस का?"

भावाला माझी लाज वाटते का, असं बहीण विचारत होती, आणि काकांनी त्या निरोपाचं एक अक्षरही सुधारलं नाही. मला तर कुठे बघावं कळेना, इतकं ओशाळल्यासारखं झालं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "मला वाटलं, लोक हसतात तर तिला उगाच..." वाक्य तसंच सोडून ते घरातल्या चपलांवरच गाडीत बसले.

गाडी परतली तेव्हा संध्याकाळ झाली होती. खाली अर्धी सोसायटी बसलेली. पोरं आक्काला बघून कान टवकारून उभी. काकांनी दार उघडलं, तिचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धीरे उतर, आक्का. हाई तुन्हं माहेर शे."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून अशी अहिराणी मी प्रथमच ऐकली. एक पोरगं फिसकन हसलं. मी त्याच्याकडे डोळे वटारले.

आक्कानं मात्र पदर तोंडाशी धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू, कुजबुजत म्हणाली, "भाऊ, हळू बोल ना. लोके आयकतीन."

गॅलरीतून ओरडणारी ती बाई हीच. काकांची मान खाली गेली. त्यांनी तिचा हात सोडला नाही.

"आयकू दे, आक्का," ते म्हणाले, "आयकू दे."